बाबांनी वळवलेली खुर्ची

प्रफुल्लदादा, जय भीम.

बाबांसाठी पाय वर उचलणारी व्हीलचेअर आणली. "छोट्या चाकांची घे, बाबा थोडीच चालवणार?" असं तू फोनवर म्हणाला होता. मी मोठ्या चाकांचीच घेतली.

घरी पायाचा भाग वर केला, तर बाबांचे तळवे थेट बुद्धमूर्तीकडे! खुर्ची फिरवाले मी धावली.

"सरक, पोट्टी," बाबा म्हणाले.

सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या अपघातापासून पाण्याचा गिलासही हातात न घेणाऱ्या बाबांनी दोन्ही चाकं धरली अन् खुर्ची स्वतः वळवली. मग मान फिरवून मूर्तीले हात जोडले. 

याचा व्हिडिओ तुले पाठवणार नाही, दादा. फोनवर "बढिया" म्हणून मोकळा होशील. येऊन पाहा.

तुही,
पिंकी