आखाजीचं तिकीट

मंगळवार, संध्याकाळ

१. दादाने ओवीच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, सिंगापूरच्या शाळेचा खर्च काढायला सांगितला.
२. मी फी, वसतिगृह, विमा आणि डिसेंबरच्या सुट्टीतलं जाण्यायेण्याचं तिकीट धरून तक्ता पाठवला.
३. दोंडाईच्याहून आबांचा, आमच्या वडिलांचा, फोन: "बठ्ठं शे बेटा, पन पोर आखाजीले कशी येई?"

तक्त्यात सगळं होतं, फक्त आखाजीला येण्याचं तिकीट नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मी दरवर्षी जळगावहून माहेरी जाते. ओवी झोक्यावर आत्यासाठी जागा धरून बसलेली असते. "फुई, किती उशीर!" पुढच्या आखाजीला तिची तिकडची शाळा चालू असेल. रजा देतात का? हे मी विचारलंच नाही. झोक्यावर एकटी बसू की काय?

दादाला लिहिलं: "आखाजीचं तिकीट मी काढते. रजा मिळेल का, ते शाळेला विचार. फी भरण्याआधी, रविवारपर्यंत मला कळव."