अहवालातून गळलेलं नाव

रत्नागिरी, ११ मे १९८९, संध्याकाळ

दुपारी शेजारच्या सावंतांकडे विभागप्रमुखांचा दिल्लीहून ट्रंककॉल आला. वादळी लाटांचा अंदाज देणारा प्रोग्रॅम मी तीन वर्षं खपून लिहिला, दिल्लीत येणार होता त्या सुपरकॉम्प्युटरसाठी बदलला. आईच्या आजारपणात रजेवर आले, तर यांनी अहवालातून माझं नावच काढलं. आणि आज म्हणतात, "अगं, नव्या मशीनवर उत्तरं भलतीच येतायत. पुढच्या आठवड्यात संचालकांना दाखवायचंय."

कारण मला ऐकतानाच कळलं. ते मशीन सगळे आकडे एकदम सोडवतं, आणि माझ्या एका लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या ओळींत, प्रत्येक आकड्याला आधीच्याचं उत्तर लागतं. पाच-सहा ओळींचं काम.

"सर, अहवालावर ज्यांचं नाव आहे त्यांनाच विचारा," म्हटलं आणि फोन ठेवला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

मग याच अंदाजावर समुद्रात जाणाऱ्या, मिरकरवाडा बंदरातल्या कोळ्यांच्या होड्या आठवल्या. त्यांनी माझं काय वाकडं केलंय? दुरुस्ती लिहिली, खाली ठसठशीत सही केली आणि पाकीट थेट संचालकांच्या नावे रजिस्टर करून आले. संचालक ते वाचतील तेव्हा आमचे विभागप्रमुख समोरच बसलेले असतील. तो चेहरा मला इथून दिसतोय.