मास्तरांसाठी थांबलेली ओळ

मास्तर,

नात लिहितेय, मी सांगतेय. तुमच्या गायन कॉलेजात दोन वर्षं बसले, तरी अक्षरांशी माझी सोयरीक काही जुळली नाही. पनवेलच्या बाजारात भाजी विकायची, रिकामी टोपली तुमच्या दाराशी ठेवायची नि आत येऊन बसायचं. "लिहिता येत नाही ना? मग कान उघडे ठेव," एवढंच म्हणालात. बाकीचे वहीत स्वर उतरवायचे, मी पोटात.

आमच्यात लग्नाची गाणी धवलारीण गाते. ती ओळ म्हणते, बाया मागून उचलतात, तेव्हा कुठे नवरीला हळद चढते. आई गेल्यावर तो मान माझ्याकडे आला. पहिलीच हळद! मी अशी फुगलेली, की तुमचं सगळं शिक्षण एकाच ओळीत ओतलं. आलाप काय, ताना काय! बाया तोंड उघडून बसल्यात, पण उचलणार कुठून? मी थांबेन तर ना! वाटीतली हळद सुकायला लागली. नवरीची आजी ओरडली, "अगो बाय, आवर! पाटाव बसल्या बसल्या पोरीला नातवंडा व्हतील!" मंडप हसला. माझी काकी मात्र हसली नाही. "आता येकच लगीन बघू. नाय जमला, तं दुसरी धवलारीण आणू. नि तुजा कालेज बंद."

रडत आले तुमच्याकडे. तुम्हीही हसलातच! मग म्हणालात, "गाणं तुझं एकटीचं आहे का? त्यांना आत यायला दार ठेव." पुढे रोज तेवढंच. मी एक ओळ म्हणायची, थांबायचं, नि सगळा वर्ग उचलणार.

पुढल्या हळदीला तुम्ही स्वतः सायकल मारत गावात हजर! पुरुषांत बसलात. मी ओळ सोडली, आणि बायांनी अशी उचलली म्हणता, खाडीला उधाण यावं तशी! हळद चढतेय, मी गातेय. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने, बायांची ओळ संपत आल्यावर, तीच ओळ उचलणारा तुमचा घोगरा आवाज. बाया पदरात हसतायत. तुमचं संपेपर्यंत मी पुढची ओळ धरली नाही. काकी पुटपुटली, "ऱ्हाव दे गो हिचा कालेज."

तेव्हापासून आपटा गाव ते उरण, सगळीकडची लग्नं गाजवली. आता पोरी माझ्याकडे शिकतात, त्याही बायांचं उचलून झाल्यावर पुढची ओळ धरायला जरा थांबतात. शहरातले लोक गाणी टेप करायला येतात, विचारतात, ही थांबायची रीत किती जुनी? मी म्हणते, लय जुनी, वाडवडलांची.

नात विचारतेय, मास्तर तर कधीच गेले, पत्र टाकू कुठे? म्हटलं, ठेव घडी करून उशाखाली. पण खरं तुम्हालाच सांगते, मास्तर. रीतबीत काही नाही. तुम्ही उशिरा उचलता, म्हणून थांबते.