पोटातून आलेला घड

आई,

तू होतीस तेव्हा मला लिहिता येत नव्हतं आणि तुला वाचता येत नव्हतं. लिहायला मी लग्नानंतर रत्नागिरीत शिकले, माझ्या मुलीच्या पाटीवर. आज बाजारात डोंगरातली मुठेळी केळी दिसली, आखूड, मुठीत मावणारी. घरी आले आणि कागद घेतला.

तसलीच केळ तू तुझ्या माहेराहून आणून आमच्या डोंगरउतारावर, पऱ्याच्या काठाला लावली होतीस. बाबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते. संपानंतर ते कायमचे गावी आले आणि पुढच्या वर्षी तुला दिवस गेले. त्याच पावसाळ्यात एका केळीचा घड शेंड्यातून न येता मधूनच, खोड फाडून बाहेर पडला. आत्या बघायला गेली ती लांबच थांबली. अशी केळ घरातलं माणूस नेते, आजच तोडून टाक, असं तिनं बाबांना सांगितलं. बाबा कोयता घेऊन निघाले. तू पोट सावरत, धापा टाकत त्यांच्या आधी उतरलीस आणि खोडाला पाठ लावून उभी राहिलीस.

"तोडू नका. तिला वरून वाट नाय गावली, म्हणून पोटातून आली. त्यात तिचा काय गुन्हा?"

बाबा माघारी फिरले. घड भरत गेला, तूही भरत गेलीस. भात पोटरीला आलं तेव्हा एका दुपारी तू अडलीस. मला आत येऊ देत नाहीत. मी पडवीत बसून तुझा आवाज ऐकते आहे. मग तो येत नाही. सुईण हात धुऊन बाहेर येते आणि माझ्याकडे न बघता निघून जाते. बाळही गेलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर बाबांनी सगळी केळ आडवी केली. घड पऱ्यात लोटला. पण त्या केळीच्या बुडाशी एक पिल्लू, नवा कोंब, होतं. ते कापलं, तर सकाळी कापलेल्या जागेतून पांढरट सुरळी वर आलेली. बाबांनी ती छाटली. दुसऱ्या सकाळी पुन्हा आली. असं कितीतरी दिवस चाललं. आत्या मुळासकट खण म्हणाली. बाबांनी कुदळ नेली, आणि नुसते बसून राहिले. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "ऐकत नाय ती." मग त्यांनी हातानं बुडाशी माती ओढली. त्यानंतर रोज संध्याकाळी ते तिच्यापाशी बसून हळू आवाजात बोलायचे. आत्यानं मुलगी बघितली होती, पण त्यांनी दुसरं लग्न केलं नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला आत्या मला माहेरी आणू नको म्हणत होती. मी हट्टानं आले. तोवर तिथं पुन्हा दाट केळ झाली होती. मी रोज उतरून जायची आणि तुला विचारायची, आई, मला नेणार आहेस का? वारा नसताना एखादं पान हलायचं. मला मुलगी झाली. आम्ही दोघी वाचलो.

आता बाबाही नाहीत, आत्याही नाही. हा कागद कुठं पाठवायचा? तुझा चेहरा मला आठवत नाही, आई. तुझी भीती मात्र अजून वाटते, आणि ती गेली तर माझ्याकडे तुझं काहीच उरणार नाही.