दादाच्या काठीतलं शिसं

६ जानेवारी १९३५, रवि.
दादा आज क्लबात आला. आषाढात अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर पहिल्यांदा. उजवा हात उठतो, जोर नाही. बिलियर्डच्या टेबलावर पंधरा गोळ्यांचा त्रिकोण लावला. फोडायचा मान दादाचाच, नेहमीसारखा. याच माणसाच्या फोडीने गोळे चारी बाजूंना थडकत. आज पांढरा गोळा गेला, टेकला. दोन गोळे जरासे सरकले. बस्स. देशमुख वकील म्हणाले, थंडीने टेबलावरची बनात जड झाली आहे. बाकी सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. 

९ जाने., बुध.
वहिनी म्हणाल्या, रविवारपासून भिंतीकडे तोंड करून बसतात. अशिलांना परत पाठवतात. डॉ. आले होते. मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, हात याहून फारसा सुधारणार नाही, मन तेवढं खचू देऊ नका. मग विचारलं, बोलताना शब्द अडतात का? म्हटलं, कधीकधी, संध्याकाळी. काल ‘कंदील’ आठवेना, बोट दाखवून राहिला होता. डॉ. नुसते हं म्हणाले.

१३ जाने., रवि.
दादाच्या डोक्यात जड काठीचं खूळ. “वजनाशिवाय गोळे फुटत नाहीत, बापू.” हातातली कसर वजन भरून काढील असा हिशेब. क्लबातली एकवीस औंसांची घेतली. आणखी वाईट. मागे ओढतानाच टोक खाली गेलं, बनातीवर ओरखडा. दादाने काठी स्वतः जागेवर ठेवली. मग पाणी मागितलं.

१५ जाने., मंगळ.
शाळा सुटल्यावर एकटाच टेबलावर. निरनिराळ्या वजनांच्या काठ्या. उजव्या हाताने जड काठी मारली की त्रिकोण उधळतो, दादा म्हणतो ते खोटं नाही. मग डाव्या हाताने. माझा डावा म्हणजे दादाचा आताचा उजवाच. डाव्याने जड काठी नुसती रेटली जाते, धावत नाही. हलकी सुटते. आणि त्याच दुबळ्या हाताने गोळे कितीतरी जास्त पांगतात. पोरांना वर्गात हेच शिकवतो. नुसतं वजन काय करील, वेग नको? पण दादाच्या लेखी हलकी काठी म्हणजे खेळणं. हातात धरणार नाही.

१७ जाने., गुरु.
दादाची स्वतःची काठी महाल भागातल्या सुताराकडे नेली. बुडातलं शिसं काढून घेतलं, जागी पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वरून पॉलिश. दिसायला तीच. घरात कोणाला सांगितलं नाही. बरं वाटत नाही. पण ते भिंतीकडचं तोंड...

२० जाने., रवि.
फुटला! त्याच काठीने. पूर्वीसारखा नाही, पण गोळे सुटे झाले, एक तर थेट खिशात. देशमुखांनी टाळी दिली. दादा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “काठी हलकी वाटते. हात आला गा, बापू.”
घरी दोनदा भाजी मागून घेतली. वहिनी वाढताना पदराने डोळे पुसत होत्या.

२४ जाने., गुरु.
हे मनात नव्हतं. दादाने वकीलपत्र घेतलं. रामटेकाकडचा एक म्हातारा, सीताराम. त्याच्या मुलावर खुनाचा खटला, बांधाचं भांडण. पुढल्या महिन्यात सेशनला उभा. दादा त्याला म्हणाला, हात परत आला, आता काळजी सोड. म्हातारा पाया पडला. संध्याकाळी दादा मला प्रकरण समजावून सांगू लागला आणि आरोपीचं नाव तीनदा चुकला.

२७ जाने., रवि.
वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी निवडायचं ताट बाजूला सारलं. मग, “भाऊजी, सहा महिन्यांनी माणूस हसला. मले काही ऐकायचं नाही.”
म्हटलं, त्या पोराची मान फासात आहे, वहिनी.
उठून चुलीपाशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मंग मले काहून सांगता? त्याईले सांगा.”

२ फेब्रु., शनि.
सांगितलं. दुपारी, क्लबात कोणी नसताना. दादाने काठी उलटी करून बूड पाहिलं, अंगठा फिरवला. मग भिंतीवरची जड काठी काढली, त्रिकोण लावायला सांगितला. मारला. पांढरा गोळा कसाबसा पोचला.
“काहून केलं गा हे?”
म्हटलं, तुझं तोंड पाहवत नव्हतं.
खुर्चीवर बसला. मी धीर करून शब्दांचंही बोललो, नावं, कंदील, सगळं. वाटलं भडकेल. भडकला नाही. म्हणाला, “ते मले माहीत आहे. हात आला, म्हणून वाटलं शब्दही येतील.”
 खटला देशमुखांना दे म्हटलं. म्हणाला, म्हातारा त्याच्याकडे नाही, माझ्याकडे आला. शेवटी म्हणाला, देशमुखाले शेजारी बसवतो, पण उभा मीच राहीन.
मी आणखी जोर करायला हवा होता. केला नाही.

४ फेब्रु., सोम.
कोर्टाच्या व्हरांड्यात, मधली सुट्टी. रजा टाकून आलो.
पहिल्या साक्षीदाराची उलटतपासणी दादाने घेतली. आवाज जुनाच. अंधार होता, तूर डोक्याएवढी वाढली होती, हे साक्षीदाराच्याच तोंडून काढलं. मग एका प्रश्नाच्या मध्येच थांबला. हात टेबलावर. देशमुखांनी चिठ्ठी सरकवली, दादाने पाहिली नाही. जज्जसाहेबांनी टाक खाली ठेवला. सीतारामचा पोरगा आरोपीच्या कठड्यात ताठ उभा. आणि मग दादाने प्रश्न पुरा केला, नेमका, खणखणीत. साक्षीदार गांगरला.
ते थांबणं वकिलाचा डाव, की शब्द अडला होता? जन्मभर ओळखतो या माणसाला, मला कळलं नाही. देशमुखांनाही नाही, ते माझ्याकडे पाहत होते.
सुट्टीनंतर मुख्य साक्षीदार. ज्याने कुऱ्हाड पाहिली म्हणतो तो.
सीताराम शेजारी येऊन बसला आहे. फडक्यातली भाकर सोडली, अर्धी मला दिली. खाली पाहत विचारलं, “मास्तर, वकीलसायेबाईची तब्येत बरी हाय ना?”
मी मोठा तुकडा तोंडात घातला. आत पुकारा झाला.