हॅडर्सवेलच्या वळणावरची जमिनीची पट्टी

मी, अ‍ॅम्ब्रोज फर्नली, वय अडुसष्ट, धंदा सायकलदुरुस्ती, राहणार हॅडर्सवेल, डर्बीशायर. छाती साथ देत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर व दुकान पुतणी हेटी हिला द्यावे. दुकानातले सामान तिने हवे तर विकावे. मोठा पाना विकू नये, तसा आता मिळत नाही.

२. खणातले लोखंडी कडे सायकल क्लबला द्यावे. तरुणपणी दर रविवारी ते खिशात घालून आम्ही हिंडत असू. रस्त्यावरची खडी त्यातून गेली नाही, की सोमवारी रस्ते-अधिकाऱ्याला पत्र. शेवटी कंटाळून त्याने खडी बारीक फोडून घेतली. टेकडीवरची ‘उतार धोक्याचा’ ही पाटीही क्लबनेच वर्गणी काढून लावली. मोटारी तेव्हा कुठे होत्या?

३. सायलस ट्रँटर याला काहीही देऊ नये. तो चार घोड्यांची गाडी हाकत असे. माझ्या सायकलीच्या पुरुषभर उंच पुढच्या चाकात त्याने चाबकाचा दांडा घातला आणि मी चरात पडलो असता वरून ओरडला, “ए चाकावरच्या माकडा, रस्ता तुझ्या बापाचा काय?” माझे दोन दात तिथेच राहिले. त्याला मुद्दाम साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला कायद्याने वाटा मिळत नाही.

४. घरापुढची, वळणावरची जमिनीची पट्टी. सायकलींसाठी वेगळी वाट करायला कौन्सिल ती मागत आहे. मी आजवर नकार दिला. ज्यांनी भांडून रस्ता नीट करून घेतला, त्यांनाच आता कडेला व्हा म्हणायचे, तेही त्यांच्या भल्यासाठी!

मार्चमध्ये याच वळणावर सायकलवरून गिरणीत निघालेल्या हेटीला लॉरीने उडवले. तिचा हात मोडला. तिच्या खाटेशी बसून मी कौन्सिलला पुन्हा नकार लिहीत होतो.

ती म्हणाली, “काका, गिरणीत रोज मी जाते. तुमचं भांडण माझ्या हातावर कशाला?”

“आज बाजूला झालीस, तर उद्या रस्त्यावरून हाकलतील.”

“हाकलतील तेव्हा भांडेन की! त्याला दोन हात लागतात, काका.”

मी ते पत्र पुरे केले नाही.

सबब पट्टी कौन्सिलला विनामूल्य द्यावी. वाट मोठ्या रस्त्याइतकीच गुळगुळीत असावी; खडी कड्यातून घालून पाहावी. सायकलींना मोठ्या रस्त्यावर बंदी करणारी पाटी लागल्यास पट्टी हेटीकडे परत यावी. पुढचे भांडण तिचे.

५. माझी शवपेटी क्लबच्या सायकलींमागून, रस्त्याच्या मधोमध, माणसाच्या चालीने न्यावी. मोटारींनी मागे थांबावे.

सहीआधी हे कलम सायलसला वाचून दाखवले. तो काठी टेकून उठला. मग म्हणाला, “हल्ली मोटारवाले मलाच ओरडतात रे, रस्ता तुझ्या बापाचा काय म्हणून. मधोमध ना? मी पुढे चालतो.”

त्याला चालू द्यावे. कायद्याने हा वाटा धरला जात नसावा.

सही: अ‍ॅम्ब्रोज फर्नली

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
सायलस ट्रँटर, पूर्वीचा गाडीवान
अ‍ॅग्नेस लव्हॅट, शिक्षिका

हॅडर्सवेल, १२ ऑक्टोबर १९३५