पांढरीफटक पिल्लं

कोबे, १२ जून २००९

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. शिकवायला मला परत यावंच लागलं, आणि आठडोळ्या माशाची, म्हणजे लॅम्प्रेची, अंडी प्रवासात टिकत नाहीत, म्हणून ती तुमच्या छपरीत ठेवली. पाणी सोळा अंशांवर राहू द्या, रोज बदला. चार आठवड्यांनी येते.

त्या बिनजबड्याच्या माशात एवढं काय आहे, असं तुम्ही विचारलंत. बाबा, गर्भाच्या पाठीतून काही पेशी निघून दूर जातात. त्यांच्यातून कातडीचा रंग होतो, नसा होतात, आपला तर जबडाही होतो. आपल्यात त्या पेशी घडवणारं जनुक या जुन्या माशातही तेच काम करतं का, हे पाहायला मी ते निम्म्या अंड्यांत बंद केलंय. यंदा नदीने चारच माद्या दिल्या. नोकरी मार्चपर्यंतच आहे. हे जमलं तरच पुढे.

गुडघा जपा. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची चिझुरू

एबेत्सु, ६ जुलै

चि. चिझुरूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझाच जबडा दुखला! पिल्लं बाहेर आली, पण निम्मी आजारी. चांगल्यांवर काळे ठिपके धरले, बाकीची पांढरीफटक. सॅमनच्या अंड्यांत पांढरं दिसलं की उचलायचं, नाहीतर बुरशी सगळ्यांना खाते, हे तुझ्या आजोबांनी मला चापट्या मारून शिकवलंय. दोन दिवस चष्मा लावून, चमच्याने एकेक वेचून नदीत टाकलं. उरलेली कशी तुकतुकीत आहेत! म्हातारा अजून कामाचा आहे म्हणायचा.

जेवत जा वेळेवर.
तुझे बाबा

कोबे, ११ जुलै

प्रिय दादा,
स. न.

बाबांनी फेकली तीच माझी पिल्लं होती. रंग न येणं, हेच उत्तर होतं. ते जगात फक्त बाबांनी पाहिलं, आणि त्यांच्या शब्दावर कोण काय छापणार? चूक माझीच. मी त्यांना पाण्याचे अंश सांगितले, पण पांढरी पिल्लंच मला हवी आहेत, हे सांगितलं नाही. खूप रडले रे.

मार्चमध्ये सामान बांधून घरी येईन. काल बाबांना लिहिलं, की पिल्लं तुमच्यामुळे वाचली, प्रयोग जमला. आता ते हाकोदातेला तुझ्याकडे येऊन सगळ्या शेजाऱ्यांना सांगतील, की मुलीचा प्रयोग मी वाचवला. तू मान डोलव, दादा. त्यांना सांगू दे.

माया कमी करू नकोस.
तुझी चिझुरू